इंग्लिश पिक्चरमधली साडीवाली बाई

अप्पा, तुमच्या दुकानातली आणखी एक कॅसेट मला हदगावात सापडली. बहुतेक ही शेवटचीच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता घरात तुमच्याविषयी मुद्दाम कुणी बोलत नाही, फोटोला हार घालतानासुद्धा चर्चा चाललेली असते ती गॅस सिलिंडरची. मी मात्र मनातल्या मनात तुमच्याशी भांडत आलोय आणि भांडणाचं कारण एकच आहे, ती धबधब्याजवळची बाई. आईशिवाय तुम्हाला दुसरी कुणी होती का, एवढंच मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. विचारण्याइतका मोठा होण्याआधीच तुम्ही गेलात. मग मी वकिलासारखा पुरावे जमवत बसलो. खरं सांगतो, हे कळल्याशिवाय मला तुमच्यासाठी नीट रडतासुद्धा आलेलं नाही.

दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. नांदेडात वजिराबादच्या गल्लीत, शिंपी आणि घड्याळवाला यांच्यामध्ये कोंबलेलं. पुढच्या भिंतीवर हिंदी पिक्चर, देवादिकांचे पिक्चर, आणि तुम्ही केलेल्या लग्नाच्या शूटिंगचे नमुने. मागच्या खोलीला मळखाऊ रंगाचा पडदा आणि त्या पडद्यामागे 'इंग्लिश'. जे हिंदी नाही ते सगळं तुमच्या लेखी इंग्लिश. आज मला माहीत आहे की त्यातले बहुतेक इटलीचे होते, काही स्पेनचे, एखाददुसरा फ्रान्सचा. खाली पळणारी अक्षरं अरबी होती, कारण माल आखातातून हैदराबादला यायचा आणि तिथून बसच्या टपावरून तुमच्याकडे. धुक्यातले किल्ले, काळे हातमोजे घातलेला खुनी, मठातल्या बिघडलेल्या जोगिणी, कबरीतून उठून केस विंचरणाऱ्या बाया. ओठ एक बोलायचे आणि आवाज भलतंच. त्यांच्या देशातही हे पिक्चर कुणी मान ताठ ठेवून बघत नव्हतं, हे मला फार पुढं कळलं. तुमचं गिऱ्हाईकसुद्धा पडदा सरकवून आत येताना आधी गल्लीत मागं बघायचं आणि मग बारीक आवाजात विचारायचं, "अप्पा, इंग्लिश हाय का काही? चांगलं?"

पण घरी टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते दोन हिंदी नेत आणि वर चवीला एक इंग्लिश. समोर सासरे, सुना, लेकरं, शेजारची माणसं. त्यांच्यासाठी तुम्ही 'घरगुती' कॉपी मारायचा. एका मशीनवर मूळ पिक्चर, दुसऱ्यावर कोरी कॅसेट. नको ती जागा आली आणि नुसती कापली तर गिऱ्हाईक भांडायला यायचं. कापलं म्हणजे तिथं काहीतरी होतं, आणि होतं ते आपल्याला दिलं नाही. म्हणून त्या जागी तुम्ही तुमचं स्वतःचं शूटिंग घालायचा. आवाजाची वायर तशीच ठेवायची, चित्राची तेवढी काढायची आणि तिथं कॅमेऱ्याची वायर लावायची. मूळ पिक्चर आत चालूच, त्यामुळं लांबी आपोआप बरोबर बसायची. तुम्ही याला 'भरती' म्हणायचा. खुनाच्या जागी किनवटच्या जंगलातले साग. आणि बाईनं गाऊनच्या गाठीला हात घातला रे घातला की सहस्रकुंडचा धबधबा. किल्ल्यातला ऑर्गन वाजतोय, बाई उसासे टाकतेय आणि पडद्यावर पैनगंगा दणादण कोसळतेय. कुणालाही खटकायचं नाही. हिंदी पिक्चरमध्ये हिरो-हिरॉईन जवळ आले की फुलं डोलतात हे सगळ्यांना पाठ होतं. युरोपात फुलांऐवजी धबधबा असेल, असं समजून लोक गप बसायचे आणि म्हातारी माणसं तर म्हणायची, पाणी काय सुरेख दाखवलंय.

मला दुकानात पडद्यामागं यायला बंदी होती. एक दिवस शाळा लवकर सुटली आणि मी मागच्या दारानं आत आलो. तुम्ही स्टुलावर पाठमोरे बसला आहात, समोर धबधबा चालू आहे. पण त्या दिवशी नुसतं पाणी नाही. खडकावर एक बाई उभी आहे. हिरवी साडी, केस मोकळे, पाठीवर ओले, हातात चपला. ती वाकून मोकळा हात पाण्यात घालते आणि मागं न बघता कॅमेऱ्याच्या दिशेनं पाणी उडवते. तुम्ही हसलात. दुकानात तुम्हाला असं एकट्यानं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "अप्पा, ही बाई कोण हाय?" तुम्ही दचकून टीव्ही बंद केलात आणि म्हणालात, "इंग्लिश पिक्चरमधली हाय." मी म्हणालो, "साडी घातलेली?" आणि तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत. मग लगेच तुमचं तोंड उतरलं. मला घेऊन समोरच्या गाड्यावर गेलात, मोसंबीचा रस पाजलात, एक संपल्यावर दुसरा घेऊ का विचारलंत आणि परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "घरी सांगू नको." चोराच्या मनात चांदणं ही म्हण पुढं शाळेच्या पुस्तकात आली तेव्हा मला पहिल्यांदा तुमचा तो चेहरा आठवला. मी घरी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तुमच्याकडे बघण्याची माझी नजर बदलली, ती परत सरळ झालीच नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला लातुरात होतो. आलो तोवर तुम्हाला अंगणात ठेवलेलं होतं, आई भिंतीला टेकून बसलेली, आणि मी त्या गर्दीत चेहरे बघत होतो. हिरव्या साडीतली, आता वय झालेली कुणी बाई मागं उभी राहून रडतेय का. बापाच्या मयताला माणूस हे बघतो का? मी बघितलं. कुणी सापडली नाही. दुकानातल्या कॅसेटी पुढं हदगावच्या एका फोटोस्टुडिओवाल्यानं गोणीत भरून नेल्या. आईला मी लातूरला आणलं आणि इथंच राहिलो. गेली कित्येक वर्षं मी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. नीट, जेईई, सगळं जग जे शिकवतं तेच.

पिक्चरांचा नाद मला तुमच्यामुळं लागला असं म्हणणं सोपं आहे, पण तो लागला तुमच्या भरतीमुळं. लहानपणी चोरून पाहिलेला एक किल्ल्याचा पिक्चर मी मोठेपणी परदेशातून मागवला. नवी डिस्क, मूळ रिळावरून साफसूफ केलेली, कुठंही कात्री नाही. मोठ्या उत्सुकतेनं लावली. बाई जिना चढली, खोलीत आली, गाठीला हात घातला, आणि धबधबा आलाच नाही. बाईनं सरळ गाऊन काढला. मला फसवल्यासारखं वाटलं. माझ्या लेखी हाच पिक्चर कापलेला होता. मग मी दुसरी मागवली, तिसरी मागवली. मग हे वेडच झालं. आता माझ्याकडे एक कपाटभर आहेत, इटलीचे, स्पेनचे, जर्मनीतल्या एका छोट्या कंपनीनं फक्त हौशी लोकांसाठी काढलेले. पार्सल कस्टमवाल्यांनी फोडून परत चिकटपट्टी लावलेलं असतं. पोस्टातला माणूस ते हलवून बघतो आणि विचारतो, "सर, काय हाय यात?" मी म्हणतो, शैक्षणिक. तो म्हणतो, "हाव का?" आणि माझ्याकडे असा बघतो की मला माझ्याच विद्यार्थ्यांची काळजी वाटू लागते. कपाटाला कुलूप आहे. बायको म्हणते, "चांगल्या गोष्टीला कुलूप कशाला लागतंय? शिकवता केमिस्ट्री आन बघता हे." तिला मी पुष्कळदा सांगितलं की मला हे खरोखर आवडतं. ते धुकं, ती स्वस्तातली कबर, पुठ्ठ्याचा दगड, आणि त्या सगळ्यात जीव ओतून किंचाळणारी एखादी नटी. तिला पटत नाही. तिच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं.

एक कबूल करायला पाहिजे. त्या पिक्चरांनी मला माणसाकडे बघायला शिकवलं आणि वाईटच शिकवलं. त्यात खुनी नेहमी सगळ्यात सभ्य माणूस निघतो. चष्मेवाला डॉक्टर, मवाळ पाद्री, बायकोला हळू आवाजात हाक मारणारा नवरा. तुम्ही चष्मा लावायचा, अप्पा, आणि आईला कधी मोठ्या आवाजात बोलला नाहीत. प्रत्येक नवी डिस्क बघताना माझी खात्री वाढत गेली.

म्हणून मी डिस्कांच्या जोडीनं तुमच्या जुन्या कॅसेटी शोधायला लागलो. नांदेडात ओळखीपाळखीच्या घरांतून, माळ्यावरच्या पेट्यांतून, एका घरी पितळी भांड्यांखालून. बुरशी धरलेल्या फिती स्वतः पुसल्या. भंगार बाजारातला एक व्हीसीआर दुरुस्त करून घेतला. आधी परदेशातली पूर्ण डिस्क लावायची, मग तुमची कॅसेट, आणि जिथं चित्र बदलतं तिथं डोळे लावून बसायचं. बहुतेक कॅसेटींत नुसतं पाणी. मग एकीत ती. लांब, पाठमोरी, खडकावरून खडकावर पाय टाकणारी. दुसऱ्या एकीत बसलेली, गुडघ्याला हात बांधून, वाऱ्यानं केस तोंडावर. चेहरा कुठंच नाही. एकदा मूर्खपणा करून मी त्यातला एक तुकडा परदेशातल्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. तिथं खळबळ उडाली. बेल्जियमच्या एका माणसानं छातीठोकपणे सांगितलं की हा दिग्दर्शकानं आशियासाठी वेगळा चित्रित केलेला, आजवर हरवलेला प्रसंग आहे. दुसऱ्यानं धबधबा ओळखला, युगोस्लाव्हियातला. साडीचा कुणी विषय काढला नाही. मी उत्तर दिलं नाही तेव्हा त्यांना संशय आला की मी माल दाबून बसलोय. खरं काय ते सांगायची माझी छाती झाली नाही. ही माझ्या बापाची, असं कोणत्या तोंडानं लिहायचं आणि पुढं कोणता शब्द घालायचा?

आईला मी आडून विचारलं होतं. "तू कधी सहस्रकुंडला गेली होतीस का?" ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाई बा. मी कशाला जाऊ. त्या बाजूला गेलो ते माहूरलाच." ते तर मला ठाऊकच होतं. मी नवसाचा. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं म्हणून आजीनं तुम्हा दोघांना रेणुकेला नवस बोलायला पाठवलं आणि पुढच्या साली मी झालो, हे आजी आल्यागेल्याला सांगायची. माझं जावळ माहूरला, माझा पहिला पेढा माहूरला, आणि आजी होती तोवर दरवर्षी नवस फेडायला सगळं घर माहूरला. आई कधी गेली नाही म्हणजे बाई दुसरी, हे नक्की झालं. कुठंतरी पाणी मुरतंय असं जे वाटत होतं ते आता डोळ्यांसमोर होतं. हदगावचा स्टुडिओवाला फोनवर म्हणाला, "अप्पा म्हंजे लई भारी माणूस. किनवटला फेऱ्या लई असायच्या त्यांच्या," आणि हसला. तुम्ही तर सांगायचा की किनवटच्या आश्रमशाळांत टीव्ही-व्हीसीआर न्यायचा असतो, लग्नाच्या ऑर्डरी असतात. मी एका रविवारी किनवटला गेलोसुद्धा. पडद्यावरून मोबाईलवर काढलेला तिचा पाठमोरा फोटो स्टेशनवरच्या चहावाल्याला दाखवला. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं आणि विचारलं, "तुमची कोण लागती?" मी मोबाईल खिशात घातला. तो कप विसळायला लागला आणि परत माझ्याशी बोलला नाही.

मागच्या आठवड्यात हदगावच्या माणसानं स्टुडिओचं मोबाईलचं दुकान करायला घेतलं, म्हणून उरलेल्या कॅसेटी मला घेऊन जायला सांगितल्या. त्यात ही एक. पिक्चर इतका रटाळ की तो तुमच्याकडून कुणी कधी नेला नसणार, दीड तास नुसतं धुक्यात चालणं. यात कापण्यासारखंही काही नव्हतं. डिस्कवर मी पाहिलंय, एका जागी बाई फक्त मेणबत्ती विझवते. आणि तिथं तुम्ही लांबलचक भरती घातलेली. मला तिथंच शंका आली. झाकायला काही नाही तर भरती कशासाठी?

काल दुपारी मी ती लावली. दार ओढून घेतलं होतं पण कडी लावली नव्हती. मेणबत्ती विझते आणि पाणी येतं. ती खडकावर आहे. या वेळी चालत कॅमेऱ्याकडे येते, पदर पिळत, मान खाली. आणखी जवळ. मी उठून टीव्हीच्या पुढ्यात बसलो, आता सापडलात म्हणून. तिनं मान वर केली. चित्राला आडव्या रेघा पडत होत्या. हसणारं तोंड, विस्कटलेले केस, ती काहीतरी बोलत होती आणि आवाज मात्र मूळ पिक्चरमधल्या पियानोचा. मी पॉज करतोय एवढ्यात मागं आई उभी. चहा झाला म्हणून बोलवायला आली होती.

इतकी वर्षं जे तिच्यापासून लपवलं ते तिच्या समोर उघडं पडलं होतं. मी रिमोट शोधायला लागलो. ती टीव्हीकडे बघत दारातच थांबली आणि म्हणाली, "हे कुठून आणलंस?"

"अप्पांच्या दुकानातलं आहे. हदगावला होतं."

"पुसली म्हणले होते मला."

"काय पुसली?"

"ही कॅसेट. पुसून टाकली म्हणले होते तुझे अप्पा."

म्हणजे तिला माहीत होतं. सगळं सोसून गप राहिली होती. मला तिची इतकी दया आली आणि तुमचा इतका राग आला की माझा आवाज चढला. मी विचारलं, "तुला माहीत होतं? मग सांग, कोण आहे ही?"

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. मी वेडा झालोय का हे बघत असावी. "कोण हाय म्हंजे? मीच हाय की रे."

मग ती पलंगावर बसली आणि सांगायला लागली, माझ्याकडे न बघता. आजीनं माहूरला पाठवलेलं, ओटीचं सामान पिशवीत. तुम्ही दोघं किनवटच्या रेल्वेगाडीत बसलात, वाटेत सहस्रकुंड लागतं. कॅमेरा नवा होता, तो तुम्ही सोबत घेतलेला. "मधीच म्हणले, उतर, पाणी लई आलंय, तुला दाखवतो. मी म्हणले माहूरची बस चुकंल. म्हणले, देवी काय पळून चालली का? उतरले मग. दिवसभर तिथंच बसून राहिलो. वल्ली झाले म्हून केस सोडले. असं कधी बाहेर सोडले नव्हते." संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही दोघं परत नांदेडला आलात. नारळ आणि कुंकू स्टेशनाबाहेर घेतलं. माहूरचा प्रसाद म्हणजे कुटलेलं पान, ते तुम्ही ओळखीच्या पानवाल्याकडून कुटून घेतलंत. आजीनं ते डोळे मिटून कपाळाला लावलं.

"आन तू झालास," आई म्हणाली. "आता कुणाला सांगावं?"

मी म्हणालो, "मला तरी सांगायचं. मी विचारलं होतं तेव्हा का खोटं बोललीस?"

"तुझ्या आजीला सांगितलं तेच तुलाबी सांगितलं. माणसागणिक येगळं खोटं कोण ध्यानात ठेवणार?"

तिनं सांगितलं की दरवर्षी माहूरच्या पायऱ्या चढताना तिच्या मनात एकच असायचं. न बोललेला नवस आपण फेडतोय, हे ती सोडून आणि तुम्ही सोडून फक्त देवीला माहीत. रेणुकेच्या मुखवट्याकडे तिनं कधी वर मान करून बघितलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा बायका रडत होत्या, मी चेहरे शोधत होतो, आणि भिंतीला टेकलेल्या आईच्या मनात पहिलं हेच आलं की देवीनं ध्यानात ठेवलं. एवढी वर्षं तिला वाटत आलंय की तुम्ही तिच्यामुळं गेलात. त्या दिवशी आपण गाडीतून उतरायलाच नको होतं. हे सांगताना ती रडली नाही. पदरानं टीव्हीच्या काचेवरची धूळ मात्र पुसून घेतली.

मग ती म्हणाली, "पुसली म्हणले होते. घरात कुणाच्या हाती लागली तर फुकट बोलणं खावं लागंल म्हून मीच म्हणले होते, पुसा. आन ही बघ कुठं नेऊन ठेवली. त्या घाणीत." बोलता बोलता तिच्या तोंडावर हसू आलं ते तिनं हातानं झाकलं. "लबाड होते." तुमच्या दुकानातलं इंग्लिश तिनं आयुष्यात बघितलं नाही आणि बघणारही नव्हती. घरातल्या कुणीच नाही. आणि बघणाऱ्यांचे डोळे वेगळ्याच बाईच्या वाटेकडे लागलेले असायचे, साडीतल्या बाईला कोण विचारतो. हे सगळं तुम्ही नीट विचार करून केलं असणार. तरी मला एक शंका राहतेच, अप्पा. तिला खोटं सांगून, तिला न विचारता, तिचं ते मोकळं रूप तुम्ही नांदेडभर घरोघर भाड्यानं धाडलंत. पाठमोरं का होईना. तुम्हाला ते जपायचं होतं की कुणाला तरी दाखवायचं होतं, हे मला अजून ठरवता येत नाही. आणि हदगावचा माणूस हसला ते नुसतंच हसला का, तेही कळत नाही. माझी सवय जायला वेळ लागेल.

मी आईला म्हणालो, चल, माहूरला जाऊन येऊ, या वेळी वर बघ. ती म्हणाली, "जाऊ की. आधी ते परत लाव." मी फीत मागं घेतली. ती पाण्यातून चालत आली, मान वर केली, बोलली. पलंगावरच्या आईचे ओठ हलले. "बंद करा ते, गाडी जाईल, असं म्हणून राहिले बघ मी," ती म्हणाली. मग पडद्यावरची नजर न काढता तिनं एकदम विचारलं, "पण तुला मी ओळखू आले न्हाई?"

"केस सोडलेले होते. फीत पण खराब आहे."

"चालण्यावरूनबी न्हाई?"

मी फीत बाहेर काढायला वाकलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. चहा गार झाला म्हणून ती उठून गेली आणि जाताना दार उघडंच ठेवलं.

हे लिहितोय तो कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाहीच, म्हणून तुम्हाला सांगून टाकतो. त्या बाईकडे मी कधी बघितलंच नव्हतं. मी बघत होतो ते तुम्हाला. कॅमेरा कुठं हलतो, तुम्ही किती वेळ थांबता, कुठं पुढं सरकता, याच्यावरून तुमचा गुन्हा मोजत होतो. आणि आई "मीच हाय" म्हणाली तेव्हा मला आनंद झाला नाही, हातातलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं झालं. तुमच्यावर आरोप होता तोवर रोज तुमच्याशी बोलायला काहीतरी होतं. काल दुपारपासून तेही नाही. आता मला तुमची नुसती आठवण येते.